शेतकऱ्यांचे मित्र रायफायजन

सावकाराच्या वहीत एकदा नाव चढले म्हणजे सुटका किती कठीण, हे खेड्यांतील आमच्या वाचकांस सांगावयास नको. म्हणून जर्मनीतील फ्रीडरिश विल्हेल्म रायफायजन ह्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देतो.

त्यांचा जन्म १८१८ साली झाला. १८४५ साली ते वायरबुश व आसपासच्या खेड्यांचे कारभारी झाले. पुढल्याच वर्षी पीक बुडाले. सरकारी पीठ रोखीनेच विकावे असा हुकूम असता, त्यांनी ते गरिबांस उधार दिले व गावाकरिता भट्टी बांधून स्वस्त भाकर पुरविली.

१८५४ साली हेडेसडोर्फ येथे त्यांनी श्रीमंतांच्या साहाय्याने संस्था स्थापिली. परंतु कालांतराने दात्यांचा उत्साह मावळला. केवळ परोपकारावर उभारलेले काम टिकत नाही, हे त्यांनी ओळखिले. म्हणून १८६४ साली त्यांनी कर्ज घेणाऱ्यांसच सभासद केले. एकाच्या कर्जास सर्व जामीन! एकाने बुडविले तर इतरांच्या शेतावर गदा येई. ह्यास्तव शेजारी शेजाऱ्यावर लक्ष ठेवी, पैसा उधळला जात नसे, आणि गुरे व बियाणे ह्यांसाठी माफक व्याजाने कर्ज मिळे. पुढे गावोगावच्या पेढ्या त्यांनी मध्यवर्ती पेढीस जोडल्या.

दृष्टी अधू झाली असताही ह्या श्रद्धावान ख्रिस्ती गृहस्थाने १८८८ साली मरेपर्यंत हे काम सोडिले नाही. हिंदुस्थानात १९०४ साली झालेल्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यास त्यांच्याच पद्धतीचा आधार होता.

बंधुजनहो, ज्यास एकट्यास कोणी उधार देत नाही, त्याची पत त्याच्या शेजाऱ्यांत असते, हे ह्या चरित्रावरून आपण शिकावे.