शिवराम कश्यप आणि यकृतका

कला शाखेच्या विद्यार्थ्याने एका वनस्पतिशास्त्रज्ञाचे चरित्र का लिहावे, असे मित्रांनी मला विचारलेच. मी एवढेच म्हणालो, की मला जो लिहायचा आहे तो एक वाद आहे. आणि वाद काही आपल्या शाखेला परका नाही.

प्राध्यापक शिवराम कश्यप यांचा जन्म १८८२ साली झेलमला झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. आग्र्याला वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते सरकारी वैद्यकीय नोकरीत शिरले. चरितार्थाची सोय झाली होती. पण नोकरी सांभाळून ते पंजाब विद्यापीठाच्या परीक्षा देत राहिले आणि शेवटी डॉक्टरकी सोडून लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. १९१० साली ते केंब्रिजला गेले आणि १९१२ मध्ये तेथील परीक्षा देऊन लाहोरला परतले. पुढचे सारे आयुष्य त्यांनी याच शहरात अध्यापनात घालवले. सुट्टी लागली, की मात्र त्यांची पावले हिमालयाकडे वळत. पश्चिम हिमालय आणि तिबेट त्यांनी पायी तुडवला, तो यकृतकांच्या शोधात.

यकृतका म्हणजे काय, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. पावसाळ्यात ओल्या भिंतीवर, दरडीवर, झऱ्याकाठी जमिनीला चिकटून हिरवे पसरट पापुद्रे दिसतात. त्यांतले बरेचसे यकृतकांचे असतात. त्यांच्या आकारात जुन्या लोकांना यकृत दिसले, म्हणून हे नाव. फूल नाही, बी नाही, खरे मूळही नाही. काही यकृतका अशा पसरट, तर काहींना चिमुकली पाने असतात. जगात त्यांच्या सुमारे सात हजार जाती आहेत.

आता वादाकडे येऊ. रिक्सिया ही सर्वांत साधी दिसणारी यकृतका. तिचा बीजुके धारण करणारा भाग म्हणजे केवळ एक गोळा. त्याला देठ नाही, आणि सभोवतालचा पापुद्रा कुजला की बीजुके मोकळी होतात. दुसऱ्या टोकाला मार्कँशिया. तिच्या अंगावर छत्र्या उभ्या राहतात, बीजुकाशयाला देठ असतो, बीजुके उधळण्यास मदत करणारे तंतू असतात. या दोहोंच्या मध्ये टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या यकृतकांची साखळी लावता येते. साखळीविषयी फारसा वाद नव्हता. वाद होता तो तिच्या दिशेचा. साध्यापासून गुंतागुंतीकडे जायचे ही पायवाट इतकी सरावाची होती, की रिक्सिया आद्य आणि मार्कँशिया प्रगत असेच पुष्कळ जण मानीत.

कश्यपांनी साखळी उलटी वाचली. हिमालयात त्यांना अशा यकृतका सापडल्या, की ज्यांत एक अवयव पुरता घडलेला, तर दुसरा खुरटलेला होता. १९१४ मध्ये त्यांनी स्टीफन्सोनिएला आणि एचिसोनिएला या दोन नव्या प्रजाती जगापुढे मांडल्या. पाठोपाठ १९१५ साली केंब्रिजचे प्राध्यापक सीवर्ड यांच्या नावावरून सीवर्डिएला. १९१९ च्या जानेवारीत आपल्या मुंबईत भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले, तेव्हा ते वनस्पतिशास्त्र शाखेचे अध्यक्ष होते. त्या व्यासपीठावरून त्यांनी या हिमालयीन पुराव्याच्या आधारे यकृतकांच्या नात्यांची मांडणी केली. रिक्सियाचा साधेपणा तिच्या वाडवडिलांचा नव्हे. पूर्वजांपाशी जे होते ते गमावत गमावत ती साधी झाली, हे तिचे सार. जर्मनीत गोबेल यांनीही अशाच अंगाने विचार केला होता. पण हिमालयातले पुरावे हाती घेऊन तो नेटाने मांडणारे कश्यपच.

पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या मैदानातील यकृतकांवरचा त्यांचा ग्रंथ दोन भागांत निघाला. पहिला भाग १९२९ मध्ये, दुसरा विद्यार्थी चोप्रा यांच्यासह १९३२ मध्ये. त्याच १९३२ साली बंगळूरच्या अधिवेशनात ते संपूर्ण विज्ञान परिषदेचे अध्यक्ष झाले आणि १९३४ च्या नोव्हेंबरात निवर्तले. वय अवघे बावन्न. लाहोर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९३६ मध्ये, त्यांच्या मागे, प्रसिद्ध झाला.

बाह्यरूप पाहून साखळीची दिशा ठरवणे अवघड, कारण खुरटलेले आणि मुळातच न वाढलेले डोळ्यांना सारखेच दिसते. मला वाटते, कश्यपांची खरी अडचण हीच होती. त्यांच्या हाती सूक्ष्मदर्शक होता, आनुवंशिक द्रव्य वाचण्याचे साधन नव्हते. ते विसाव्या शतकाच्या अखेरीस आले. जनुकांतील अक्षरे जुळवून पाहिली, की कोणती फांदी कोणत्या फांदीवर फुटली हे रूपावर विसंबून न राहता ठरवता येते. असा वंशवृक्ष काढला, तेव्हा रिक्सिया बुंध्याशी दिसली नाही. ती मार्कँशियाच्या गोतावळ्यात खोलवर, बऱ्याच उशिरा फुटलेल्या डहाळीवर निघाली. यकृतकांच्या बुंध्यावरच्या पहिल्या फांदीवर हाप्लोमिट्रियम व ट्रूबिया आहेत, आणि त्यांतली हाप्लोमिट्रियम चक्क उभी, पानांची वनस्पती आहे.

म्हणजे कश्यप सर्वस्वी बरोबर होते काय? नाही. हा सारा वर्ग नेच्यांच्या गोतातून ऱ्हास पावून उतरला, हेही त्यांचे मत होते. ते टिकले नाही. शेवाळी वर्ग आणि वाहिनीवंत वनस्पती या एकाच प्राचीन पूर्वजापासून फुटलेल्या दोन शाखा, असे आज मानतात. मात्र तो पूर्वज पूर्वी समजत होते तितका साधा नव्हता आणि यकृतकांनी पर्णरंध्रांसारखे अवयव पुढे गमावले, असे अलीकडचे संशोधन सांगते. गमावण्याचे तत्त्व ठरले, वंशावळ चुकली. आमच्या इतिहासाच्या तासाला अशी माणसे वारंवार भेटतात, म्हणून मला हे नवल वाटले नाही.

जनुकांच्या या साक्षीने कश्यपांकडून काही काढूनही घेतले. स्टीफन्सोनिएला व एचिसोनिएला यांना स्वतंत्र ठेवण्याइतका फरक उरला नाही, म्हणून २०१६ मध्ये त्या एक्सॉर्मोथेका या जुन्या प्रजातीत मिळवल्या गेल्या. वनस्पतिनामांच्या नियमाप्रमाणे मात्र एखादी जात अशी दुसऱ्या प्रजातीत गेली, तरी तिला प्रथम नाव देणाऱ्याचे नाव कंसात मागे ठेवावे लागते.