एमिली हॉबहाउस

एमिली हॉबहाउस (९ एप्रिल १८६० – ८ जून १९२६) या ब्रिटिश समाजसेविका, लेखिका आणि युद्धविरोधी कार्यकर्त्या होत्या. दुसऱ्या बोअर युद्धात (१८९९–१९०२) ब्रिटिश सैन्याने दक्षिण आफ्रिकेतील शेतवाड्या जाळून तेथील स्त्रिया व मुले यांना बंदिछावण्यांत ठेवले. त्या छावण्यांची प्रत्यक्ष पाहणी करून तेथील मृत्यूंकडे ब्रिटिश संसदेचे व जनतेचे लक्ष वेधणाऱ्या व्यक्ती म्हणून त्या प्रामुख्याने ओळखल्या जातात. १९१४ मध्ये मोहनदास करमचंद गांधी आणि जनरल यान स्मट्स यांच्यात तडजोड घडून यावी, यासाठी त्यांनी केलेल्या मध्यस्थीमुळे भारतीय इतिहासातही त्यांचे नाव येते.

== सुरुवातीचे जीवन ==

एमिली यांचा जन्म इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील सेंट ईव्ह या खेड्यात झाला. वडील रेजिनाल्ड हॉबहाउस तेथील चर्चचे धर्मोपदेशक होते, तर आई कॅरोलिन ही ट्रेलॉनी या प्रतिष्ठित घराण्यातील होती. समाजशास्त्रज्ञ लिओनार्ड ट्रेलॉनी हॉबहाउस हे त्यांचे धाकटे बंधू. काका आर्थर हॉबहाउस १८७२ ते १८७७ या काळात भारताच्या गव्हर्नर जनरलच्या कार्यकारी मंडळात कायदा सदस्य होते. पुढे लंडनच्या उदारमतवादी वर्तुळात एमिली यांचा प्रवेश झाला तो मुख्यतः या काकांमुळे.

त्यांचे शिक्षण बहुतांशी घरीच झाले. १८८० मध्ये आई वारली. त्यानंतर सुमारे १५ वर्षे वडिलांची देखभाल आणि गावातील गोरगरिबांची विचारपूस यांतच गेली. १८९५ मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय ३५ होते. त्या अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात गेल्या आणि तेथील व्हर्जिनिया या खाणगावात कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांमध्ये काम करू लागल्या. तेथे जॉन कार जॅक्सन यांच्याशी ठरलेला विवाह मोडला, मेक्सिकोतील जमिनीत गुंतवलेला पैसाही बुडाला. १८९८ मध्ये त्या इंग्लंडला परतल्या.

== युद्ध आणि दग्धभू धोरण ==

ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट या दोन बोअर प्रजासत्ताकांविरुद्ध ब्रिटनचे युद्ध ऑक्टोबर १८९९ मध्ये सुरू झाले. मार्च १९०० मध्ये ब्लूमफाँटेन आणि जूनमध्ये प्रिटोरिया ही राजधानीची शहरे ब्रिटिशांच्या हाती पडली. युद्ध संपल्यात जमा आहे, असा लंडनमध्ये समज झाला. बोअर सेनानींनी मात्र समोरासमोरच्या लढाया टाळून गनिमी काव्याचा अवलंब केला. त्यांच्या घोडदळाच्या टोळ्या रेल्वेमार्ग उखडत, पूल उडवत, तारायंत्राच्या तारा तोडत आणि वाटेतील शेतवाड्यांवरून धान्य, घोडे व बातम्या मिळवत.

जून १९०० मध्ये सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांनी जाहीरनामा काढला. जेथे रेल्वे वा तारायंत्र तोडले जाईल, तेथील जवळच्या शेतवाड्या जाळल्या जातील, असा त्याचा आशय होता. नोव्हेंबर १९०० मध्ये लॉर्ड किचनर यांनी सूत्रे हाती घेतल्यावर ही शिक्षा केवळ शिक्षा उरली नाही, ती युद्धपद्धती झाली. हेच किचनर पुढे १९०२ ते १९०९ या काळात भारताचे सरसेनापती होते. घर जाळणे, उभे पीक व कोठारातील धान्य नष्ट करणे, मेंढ्या व गुरे ठार मारणे हे सर्व एका आखणीनुसार होऊ लागले. रेल्वेमार्गालगत सुमारे ८,००० ब्लॉकहाउस, म्हणजे लहान पक्की ठाणी, काटेरी तारांनी एकमेकांस जोडून देश चौकोनांत विभागण्यात आला आणि एकेक चौकोन रिकामा करण्यात आला. युद्धाच्या अखेरीपर्यंत सुमारे ३०,००० शेतघरे आणि अनेक लहान गावे उद्ध्वस्त झाली होती.

शत्रूची रसद तोडणे हा या धोरणाचा लष्करी हेतू होता. तथापि त्या प्रदेशात शेतवाडी हीच अन्न, पाणी व निवारा यांची एकमेव व्यवस्था होती. ती नाहीशी झाल्यावर उघड्यावर आलेल्या कुटुंबांचे काय करायचे, याचा विचार आधी झालेला नव्हता, आणि बंदिछावण्या या त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर होत्या. (या छावण्यांना इंग्रजीत कॉन्सन्ट्रेशन कॅम्प म्हणत. मराठीतील छळछावणी हा शब्द नाझी राजवटीच्या संदर्भात रूढ असल्याने या लेखात बंदिछावणी हा शब्द वापरला आहे. या छावण्यांतील मृत्यू ठरवून केलेल्या हत्या नव्हत्या. ते हेळसांड, गर्दी आणि रोगराई यांचे परिणाम होते.)

== छावण्यांची पाहणी ==

एमिली या वेळी लंडनमध्ये साउथ आफ्रिकन कन्सिलिएशन कमिटी या युद्धविरोधी संस्थेच्या महिला शाखेच्या सचिव होत्या. शेते जाळली जात असल्याच्या बातम्या वाचून त्यांनी बोअर स्त्रिया व मुलांसाठी मदतनिधी उभारला. मदत योग्य ठिकाणी पोहोचावी म्हणून त्या स्वतः निघाल्या आणि २७ डिसेंबर १९०० रोजी केप टाउनला उतरल्या. उच्चायुक्त सर आल्फ्रेड मिल्नर यांनी परवानगी दिली, पण किचनर यांनी त्यांना ब्लूमफाँटेनपुढे उत्तरेस जाण्यास मनाई केली. रेल्वेच्या एका वाघिणीत कपडे व अन्न भरून त्या २४ जानेवारी १९०१ रोजी ब्लूमफाँटेनला पोहोचल्या.

तेथील छावणी शहराबाहेर एका उघड्या टेकडीच्या उतारावर होती. झाडाची सावली कोठेच नव्हती. एकेका तंबूत दहा-बारा माणसे राहत, दिवसा आत उष्मा असह्य होई आणि पावसाळी रात्री खालून पाणी वाहे. एमिली यांच्या नोंदी वाचताना जाणवते, की त्यांनी भावनावेग आवरून वस्तूंचा हिशेब मांडला. साबण शिध्यात नव्हता. तो मागितला असता चैनीची वस्तू म्हणून नाकारण्यात आला. मॉडर नदीचे पाणी गढूळ होते, आणि विषमज्वर पसरलेला असूनही ते उकळण्याइतके सरपण मिळत नव्हते. चटया व गाद्या अपुऱ्या होत्या. ज्यांचे पुरुष अजून लढत होते, त्या कुटुंबांना सुरुवातीच्या काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी शिधा मिळे. त्यांनी पाणी उकळण्याचे बंब, साबण, दूध आणि परिचारिका मागितल्या. यातील काही गोष्टी थोड्याफार मिळाल्या, पण नव्या माणसांचे लोंढे येतच राहिल्याने त्या पुरेनात.

नंतर त्यांनी नॉर्व्हल्सपाँट, अलिवाल नॉर्थ, स्प्रिंगफाँटेन, किंबर्ली आणि माफेकिंग येथील छावण्या पाहिल्या. व्यवस्था सर्वत्र सारखी वाईट नव्हती. अधीक्षक कर्तबगार असे तेथे मृत्यू कमी होत, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. त्या ब्लूमफाँटेनला परत आल्या तेव्हा तेथील लोकसंख्या दुप्पट झाली होती. स्प्रिंगफाँटेनच्या रेल्वे स्थानकाजवळ छावणीत जागा नाही म्हणून उघड्यावर थांबवलेले लोक त्यांना दिसले. त्यांत मांडीवर मरणासन्न मूल घेऊन स्तब्ध बसलेली एक आई होती. हा प्रसंग त्यांनी पुढे शिल्पकार आंतोन व्हान वाउ यांना सांगितला आणि ब्लूमफाँटेनच्या स्मारकावरील मुख्य शिल्प त्यावरूनच घडले.

== अहवाल आणि त्याचे पडसाद ==

मे १९०१ मध्ये त्या इंग्लंडला परतल्या. योगायोगाने मिल्नरही त्याच जहाजावर होते. जूनमध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध होऊन संसद सदस्यांना वाटण्यात आला. युद्धमंत्री सेंट जॉन ब्रॉड्रिक यांची त्यांनी भेट घेतली. विरोधी पक्षनेते सर हेन्री कॅम्पबेल-बॅनरमन यांनी त्यांची कहाणी ऐकल्यानंतर एका भाषणात सरकारच्या युद्धपद्धतीला रानटी ठरवले आणि डेव्हिड लॉइड जॉर्ज यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये हा विषय लावून धरला. वृत्तपत्रांच्या मोठ्या भागाने मात्र एमिली यांना देशद्रोही म्हटले. त्यांच्या सभांना सभागृहे मिळेनात. लिझी व्हान झील या कुपोषित मुलीचे छायाचित्र आईच्या निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून मांडले गेले. या मुलीला एमिली यांनी ब्लूमफाँटेनच्या छावणीत पाहिले होते आणि त्यांनी या आरोपाचे खंडन केले.

सरकारने मिलिसेंट फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली केवळ स्त्रियांचा आयोग नेमला, पण त्यात एमिली यांना स्थान दिले नाही. फॉसेट युद्धाच्या समर्थक होत्या, आणि म्हणूनच त्यांच्या आयोगाच्या निष्कर्षांना अधिक वजन आले. आयोगाने बोअर मातांच्या घरगुती उपचारांना व सवयींना दोष दिला असला, तरी पाणी, अन्न, सरपण व वैद्यकीय मदत यांबाबतचे एमिली यांचे आक्षेप बहुतांशी खरे ठरवले. ऑक्टोबर १९०१ मध्ये श्वेतवर्णीयांच्या छावण्यांतील मृत्युदर वार्षिक दर हजारी ३४४ पर्यंत गेला होता. नोव्हेंबरपासून छावण्या लष्कराकडून मुलकी प्रशासनाकडे गेल्या, सुधारणा झाल्या आणि फेब्रुवारी १९०२ मध्ये हा दर ६९ वर आला. इतक्या अल्पावधीत हे शक्य झाले, यावरून आधीचे बरेचसे मृत्यू टाळता आले असते असे मानण्यास आधार मिळतो.

युद्धानंतरच्या गणनेनुसार या छावण्यांत २७,९२७ बोअर मरण पावले. त्यांपैकी २२,०७४ जण १६ वर्षांखालील मुले होती. रणांगणावर पडलेल्या बोअर सैनिकांपेक्षा ही संख्या कित्येक पटींनी मोठी आहे.

== हद्दपारी ==

ऑक्टोबर १९०१ मध्ये एमिली पुन्हा केप टाउनला गेल्या. लष्करी कायदा पुकारलेला असल्याने त्यांना जहाजावरून उतरू दिले गेले नाही. परतीच्या जहाजावर चढण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा सैनिकांनी त्यांना उचलून नेले. त्यानंतर फ्रान्समध्ये राहून त्यांनी 'द ब्रंट ऑफ द वॉर अँड व्हेअर इट फेल' हे पुस्तक लिहिले. ते १९०२ मध्ये प्रसिद्ध झाले.

== कृष्णवर्णीयांच्या छावण्या ==

शेते जाळली गेली तेव्हा तेथे राबणारी व राहणारी आफ्रिकन कुटुंबेही निराधार झाली. त्यांच्यासाठी वेगळ्या छावण्या होत्या आणि त्यांत एक लाखाहून अधिक लोक होते. तेथे शिधा बहुधा विकत घ्यावा लागे आणि पुरुषांना लष्कराच्या कामाला लावले जाई. नोंदलेले मृत्यू १४,००० हून अधिक असून नोंदी अपुऱ्या असल्यामुळे प्रत्यक्ष संख्या २०,००० च्या पुढे असावी, असे नंतरच्या संशोधकांचे मत आहे. एमिली यांना या छावण्यांची माहिती मिळाली होती. आपल्याला तेथे जाणे शक्य नसल्याने इतरांनी चौकशी करावी, असे त्यांनी सुचवले. पण त्यांचा निधी व त्यांचे लेखन मुख्यतः बोअर कुटुंबांपुरतेच राहिले, आणि फॉसेट आयोगानेही या छावण्यांची पाहणी केली नाही. त्यामुळे या मृत्यूंची दखल घेतली जाण्यास अनेक दशके लागली.

== युद्धानंतर ==

३१ मे १९०२ रोजी फेरीनिखिंगच्या तहाने युद्ध संपले. १९०३ मध्ये एमिली पुन्हा दक्षिण आफ्रिकेत गेल्या. जमीन होती, पण नांगर ओढायला बैल नव्हते. बियाणे नव्हते, घरांना छप्परे नव्हती. त्यांनी मदतनिधीतून बैलजोड्या पुरवून शेतांची नांगरणी करवली. १९०५ मध्ये फिलिपोलिस येथे मुलींसाठी सूतकताई व विणकामाची शाळा काढली. अशा शाळांची संख्या पुढे पंचवीसच्या वर गेली. प्रकृती ढासळल्यामुळे १९०८ मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिका सोडली.

१६ डिसेंबर १९१३ रोजी ब्लूमफाँटेन येथे छावण्यांतील मृत स्त्रिया व मुलांच्या स्मारकाचे अनावरण त्यांच्या हस्ते व्हायचे होते. हृदयविकारामुळे त्यांना वाटेत ब्युफर्ट वेस्टहूनच माघारी फिरावे लागले आणि त्यांचे भाषण दुसऱ्याने वाचून दाखवले. स्वतःसाठी मागितलेले स्वातंत्र्य इतरांना नाकारू नये, असे त्यांनी बोअरांना बजावले होते आणि छावण्यांत मेलेल्या कृष्णवर्णीयांचे स्मरणही केले होते. त्याच वर्षी आफ्रिकनांचे जमिनीचे हक्क हिरावून घेणारा नेटिव्हज लँड ॲक्ट संमत झाला होता. पुढे वर्णभेदाच्या काळात या भाषणाच्या पुनर्मुद्रणातून हे उल्लेख गाळण्यात आले.

== गांधी आणि सत्याग्रह ==

याच मुक्कामात दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचा सत्याग्रह ऐन भरात होता. मुक्त झालेल्या गिरमिटियांवर लादलेला ३ पौंडांचा वार्षिक कर हे त्याचे एक प्रमुख कारण होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ च्या दौऱ्यात याच कराच्या रद्दीची मागणी केली होती. गांधींनी आखलेली नवी कूच थोडी पुढे ढकलावी, अशी विनंती एमिली यांनी केली. दुसरीकडे त्यांनी स्मट्स यांना पत्र लिहून गांधींशी बोलण्याचा आग्रह धरला. स्मट्स हे बोअर युद्धातील सेनानी होते आणि त्यांच्या मनात एमिली यांच्याविषयी आदर होता. जानेवारी १९१४ मध्ये गांधी–स्मट्स तात्पुरता समझोता झाला आणि त्याच वर्षी इंडियन रिलीफ ॲक्टने तो कर रद्द केला. एमिली यांच्या निधनानंतर गांधींनी 'यंग इंडिया'त त्यांच्यावर आदरपर लेख लिहिला.

== पहिले महायुद्ध ==

महायुद्धालाही त्यांनी विरोध केला. जर्मनी व ऑस्ट्रियातील स्त्रियांना उद्देशून १०१ ब्रिटिश स्त्रियांनी काढलेल्या शांततेच्या खुल्या पत्रामागे त्यांचा पुढाकार होता. १९१६ मध्ये त्या जर्मनव्याप्त बेल्जियममध्ये व तेथून बर्लिनला गेल्या आणि परराष्ट्रमंत्री गॉटलीब फॉन यागो यांना भेटल्या. बेल्जियममधील विध्वंस बोअर प्रजासत्ताकांपेक्षा कमी आहे, असे त्यांनी लिहिल्यामुळे इंग्लंडमध्ये मोठा गहजब झाला. जर्मन देखरेखीखाली त्यांना जेवढे दाखवले गेले तेवढेच त्यांनी पाहिले होते. त्यामुळे त्यांच्या या निष्कर्षाला दक्षिण आफ्रिकेतील अहवालाइतके मोल देता येत नाही. युद्ध संपल्यावर लाइपझिग शहरातील हजारो शाळकरी मुलांसाठी त्यांनी भोजनाची सोय केली. यासाठीचा पैसा मोठ्या प्रमाणावर दक्षिण आफ्रिकेतून आला.

== मृत्यू आणि स्मृती ==

अखेरच्या वर्षांत त्यांना पैशाची ददात होती. ऑरेंज फ्री स्टेटचे माजी अध्यक्ष स्टेन यांच्या पत्नीने १९२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील स्त्रियांकडून अर्ध्या क्राउनची वर्गणी गोळा केली आणि जमलेल्या २,३०० पौंडांतून एमिली यांनी कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हज येथे घर घेतले. ८ जून १९२६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. इंग्लंडमध्ये त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या अस्थी ब्लूमफाँटेनच्या स्मारकाच्या पायथ्याशी समारंभपूर्वक ठेवण्यात आल्या.

नागरिकांच्या जगण्याला अत्यावश्यक असलेले अन्नधान्य, पिके, गुरे, पिण्याच्या पाण्याची व सिंचनाची साधने नष्ट करण्यास स्पष्ट मनाई करणारे कलम १९७७ मध्ये जिनिव्हा करारांच्या पहिल्या अतिरिक्त मसुद्यात आले. तत्पूर्वी १८९९ च्या हेग करारात लष्करी निकड नसताना शत्रूची मालमत्ता नष्ट करण्यास बंदी होती. पण निकड कशाला म्हणायचे हे सेनापतीच ठरवत, आणि बोअर प्रजासत्ताके त्या करारात सहभागी नव्हती.

फ्री स्टेट प्रांतातील हॉबहाउस हे गाव त्यांच्या नावाने ओळखले जाते. दक्षिण आफ्रिकेच्या नौदलाने एका पाणबुडीलाही एमिली हॉबहाउस हे नाव दिले होते. आयुष्यभर युद्धाला विरोध करणाऱ्या स्त्रीचे नाव युद्धनौकेला देणे विचित्रच म्हणायचे. वर्णभेदी राजवट संपल्यावर तिचे नाव बदलून उमखोंटो, म्हणजे भाला, असे ठेवण्यात आले.