चिक चॉकलेट : हळदोण्याचा ट्रम्पेटवादक

लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी 'अलबेला' चित्रपटातलं गाणं धरलं की आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांचे हात आपोआप वर जातात आणि कंबर हलू लागते. भगवानदादांची ती नाचण्याची तऱ्हा आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. गाणं कोणाचं, असं विचारलं तर जाणकार सी. रामचंद्र यांचं नाव सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्या गाण्यांतला ट्रम्पेट कोणाचा? गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये जो वाद्यांचा दंगा उसळतो तो कोणाच्या डोक्यातून आला? याचं उत्तर फार थोड्यांना देता येतं. आज आपण त्या माणसाची माहिती घेणार आहोत. त्याचं नाव अंतोनियो झेवियर वाझ. मुंबई त्याला चिक चॉकलेट या नावाने ओळखत होती.

चिक यांचा जन्म १९१६ साली गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या हळदोणे गावी झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य होतं. त्या राज्याचे गुणदोष आपण इतिहासाच्या तासाला पाहतो, पण संगीताच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. गावोगावच्या चर्चना जोडून शाळा असत आणि तिथे मुलांना संगीत शिकवलं जाई. प्रार्थनेच्या वेळी गाण्यासाठी आणि व्हायोलिन वाजवण्यासाठी मुलं हवी असत म्हणून ही सोय. तिथे मुलाला आधी स्वरलेखन वाचायला शिकवत. पाच आडव्या रेघांवर ठिपके मांडून लिहिलेलं ते पाश्चात्त्य स्वरलेखन, म्हणजे स्टाफ नोटेशन. गावातला शेतकऱ्याचा मुलगासुद्धा कागद समोर ठेवला की तो वाचून वाजवू शकत असे.

या एका कौशल्यावर गोव्यातल्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या. गोव्यात नोकऱ्या नव्हत्या. माणसं बोटीवर जात, मुंबईला जात, आफ्रिकेत जात. ज्याला कागद वाचून वाजवता येई त्याला बोटीवरच्या बँडमध्ये, संस्थानिकांच्या आणि पोलिसांच्या बँडमध्ये, मूकपटांच्या थिएटरात, हॉटेलांत काम मिळे. मुंबईत धोबीतलाव परिसरात गोव्यातल्या एकेका गावाचे 'कूड' होते. कूड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेली राहण्याची जागा. आपल्या कोकणातल्या चाकरमान्यांच्या खोल्या आठवा, साधारण तसंच. एका पेटीवर आयुष्य आणि शेजारी वाद्याची केस.

चिक यांच्या आईची मात्र मुलाने मेकॅनिक व्हावं अशी इच्छा होती, असं सांगतात. आईचं चुकलं असं म्हणता येणार नाही. हाताला पक्कं काम असावं, महिन्याला पगार यावा, हे कुठल्या आईला वाटत नाही? मुलाला मात्र ट्रम्पेटशिवाय काही सुचत नव्हतं.

आता थोडं जॅझविषयी, कारण ते कळल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. जॅझ हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांनी घडवलेलं संगीत. न्यू ऑर्लिन्स शहर हे त्याचं माहेर. यात सूर लिहिलेले असतात, पण वादकाला मध्येच मोकळं सोडलं जातं आणि त्याने त्या क्षणी सुचेल ते वाजवायचं असतं. ख्याल गाणारा गवई बंदिशीच्या आधाराने ताना घेतो, त्याची आठवण यावी असा हा प्रकार. दोन्ही संगीतं एकसारखी मुळीच नाहीत, पण 'आत्ता सुचलं ते आत्ता गायलं' ही हिंमत दोन्हीकडे लागते. १९३० च्या दशकात जॅझचे मोठे बँड गाजले. त्यांत पितळी वाद्यांची एक रांग, सॅक्सोफोन-क्लॅरिनेटची दुसरी, आणि पियानो, डबल बास, गिटार, ड्रम असा तालाचा पाया. दहा-पंधरा माणसं एकदम वाजवू लागली म्हणजे गोंधळ होणारच. म्हणून कोणी कधी काय वाजवायचं ते आधी लिहून काढावं लागे. हे लिहिणारा तो अरेंजर. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मुंबईला हे संगीत ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून पोचलं होतंच. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी या अमेरिकन कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यानंतर क्रिकेट स्मिथ आले, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड तर पुढे कलकत्त्यातच स्थिरावले आणि १९४५ साली तिथेच पटकीने वारले. या मंडळींना हाताशी वाचून वाजवणारे वादक हवे होते, आणि ते मुंबईत तयार होते, गोव्याचे! काही पारशी आणि अँग्लो-इंडियनही होते. रूडी कॉटन या नावाने गाजलेले सॅक्सोफोनवादक मुळात पारशी, त्यांचं खरं नाव कावसजी खटाव. नाव बदलून घेण्याची ती रीतच होती. इंग्रज गिऱ्हाइकाला अमेरिकन वाटेल असं नाव पोस्टरवर शोभे. अंतोनियो वाझचा चिक चॉकलेट झाला तो याच काळात.

चिक यांनी लुई आर्मस्ट्राँग यांना आदर्श मानलं होतं. आर्मस्ट्राँग म्हणजे ट्रम्पेटचे सम्राट. त्यांच्या तबकड्या ऐकून चिक यांनी त्यांची वाजवण्याची पद्धत उचलली, खरखरीत आवाजात गाण्याची ढब उचलली. लोक त्यांना 'भारताचे लुई आर्मस्ट्राँग' म्हणू लागले. माझ्या मते ही पदवी थोडी अन्यायाची आहे. सुरुवात नक्कल करून झाली हे खरं, पण पुढे या माणसाने जे केलं ते आर्मस्ट्राँग यांनी कधी केलं नव्हतं.

आधी चिक रंगूनमध्ये एका बँडमध्ये वाजवत होते. नंतर मसुरीला गेले. उन्हाळ्यात साहेबलोक थंड हवेच्या ठिकाणी जात आणि त्यांच्यामागोमाग बँडही डोंगर चढत. १९४० च्या दशकाच्या मध्यावर ते मुंबईत ग्रीन्स हॉटेलात स्वतःचा अकरा जणांचा बँड चालवत होते. ग्रीन्स हे अपोलो बंदरावर ताजच्या शेजारी होतं. ताजमध्ये तेव्हा मिकी कोरिया यांचा बँड होता, आणि तो एकूण सुमारे दोन दशकं तिथे टिकला. महायुद्धाचे दिवस, बंदरात गोरे सैनिक उतरलेले, रात्री नाचगाणी रंगत. वादकांच्या दृष्टीने हा सुकाळ होता.

तो फार दिवस टिकणार नव्हता. १९४७ नंतर इंग्रज गेले, त्यांच्याबरोबर गिऱ्हाईक गेलं. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली. दारूबंदीचे फायदे-तोटे हा वेगळा निबंधाचा विषय आहे. पण हॉटेलातला नाचाचा मजला दारूच्या कमाईवर चालत होता हे खरं, आणि त्या कमाईवर अकरा माणसांचा बँड पोसला जायचा. बरेच वादक देश सोडून गेले. उरलेल्यांना दुसरीकडे पोट भरण्याची सोय बघणं भाग पडलं. ही सोय त्यांना हिंदी चित्रपटांनी दिली.

इथे आपल्या गोष्टीत सी. रामचंद्र येतात. रामचंद्र नरहर चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय संगीत शिकलेले. चाल बांधण्यात त्यांचा हात धरणारे थोडेच होते, आणि कान चहूबाजूंनी उघडे होते. त्यांना पाश्चात्त्य ठेका हवा होता, आणि चिक यांना तो ठेका हाडीमाशी मुरलेला होता. चिक त्यांचे सहायक झाले.

हे काम चाले कसं ते समजून घ्या. आपल्याकडचा संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवतो. चाल म्हणजे सुरांची एकच रेघ. आपल्या संगीतात ती पुरेशी असते. पण वीस-तीस वादक बसवायचे तर प्रत्येकाला काय द्यायचं? गाण्याआधी काय वाजेल, दोन कडव्यांमधली जागा कशाने भरायची, गायिका 'सा'वर थांबली असताना मागे ट्रम्पेटने काय उत्तर द्यायचं, व्हायोलिनच्या रांगेने खाली कोणते सूर धरून ठेवायचे? हे सगळं अरेंजर ठरवी आणि प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहून काढी. चाल मराठी माणसाची, कागद गोव्याच्या माणसाचा, ढोलक-तबला उत्तरेकडच्या कोणाचा तरी, आणि शब्द उर्दू शायराचे. मुंबईच्या स्टुडिओत हे एका खोलीत घडत होतं. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही याच कामातली आणखी मोठी नावं.

१९५० च्या 'समाधी' चित्रपटातलं 'गोरे गोरे' हे गाणं 'चिको चिको' या लॅटिन अमेरिकन धाटणीच्या गाण्यावरून घेतलेलं होतं. पुढच्याच वर्षी 'अलबेला' आला आणि अक्षरशः धुमाकूळ झाला. 'शोला जो भडके' या गाण्यात बाँगो, ओबो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट अशी वाद्यं आहेत. गाणारे लताबाई आणि स्वतः चितळकर. गिरणगावातला कामगारही त्या ठेक्यावर नाचला. त्याने ग्रीन्स हॉटेलची पायरी जन्मात चढली नव्हती आणि जॅझ हा शब्दही त्याच्या कानावरून गेला नव्हता. मघाशी मी म्हटलं ते हेच. हॉटेलातल्या नाचाच्या मजल्यावरचं संगीत चाळीत आणि वरातीत नेऊन पोचवण्याचं काम ज्यांनी केलं, त्यांत चिक आघाडीवर होते. 'अलबेला'मधल्या एका गाण्यात चिक आणि त्यांचा बँड झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून पडद्यावरही दिसतो. पण प्रेक्षकांचे डोळे भगवानदादा आणि गीता बाली यांच्यावर!

स्वतःच्या नावावर संगीत देण्याचा प्रयत्न चिक यांनी केला नाही असं नाही. १९५१ चा देव आनंद-मधुबाला यांचा 'नादान', १९५२ चा 'रंगीली', १९५६ चा 'कर भला' या चित्रपटांचं संगीत त्यांच्या नावावर आहे. पण संगीतकार म्हणून त्यांचं बस्तान बसलं नाही. माझं मत विचाराल तर हिंदी गाणं शेवटी चालीवर आणि शब्दांवर उभं राहतं, आणि चिक यांची खरी ताकद त्या चालीभोवती जे उभं करायचं त्यात होती. दुर्दैवाने त्या ताकदीला श्रेयनामावलीत फार तर 'सहायक' एवढीच जागा होती, आणि कित्येक वादकांना तीही मिळाली नाही. रेकॉर्डिंग झालं की दिवसाचे पैसे हातात पडत. गाणं पुढे पन्नास वर्षं वाजलं तरी वादकाच्या घरी त्यातलं काही पोचत नसे. तबकडीवर संगीतकार, गायक, चित्रपट यांची नावं छापली जात. ट्रम्पेट कोणी वाजवला हे छापण्याची पद्धतच नव्हती.

असं असलं तरी चिक यांनी ट्रम्पेट खाली ठेवला नाही. दिवसा स्टुडिओ आणि रात्री बँड अशी त्या पिढीतल्या बहुतेक वादकांची दिनचर्या होती. चर्चगेट स्ट्रीटच्या, म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडच्या हॉटेलांमध्ये साठच्या दशकातही बँड वाजत होते.

१९६६ साली चेतन आनंद यांचा 'आखरी खत' आला. राजेश खन्ना यांचा हा पहिला चित्रपट, संगीत खय्याम यांचं. त्यात क्लबमधलं एक गाणं आहे, 'रुत जवाँ जवाँ'. गाणारे भूपिंदर सिंग स्वतः पडद्यावर आहेत, तेव्हा ते अगदी तरुण होते. आणि त्यांच्यासोबत ट्रम्पेट घेऊन पन्नाशीचे चिक चॉकलेट. 'अलबेला'त गर्दीत हरवलेला हा चेहरा इथे नीट बघायला मिळतो. त्यानंतर वर्षभरात, मे १९६७ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी मुंबईत त्यांचं निधन झालं.

ग्रीन्स हॉटेल आता नाही. ते पाडून त्या जागी ताजची उंच इमारत बांधली गेली. गेटवे ऑफ इंडियाच्या सहलीला जाल तेव्हा जुन्या घुमटाच्या ताजशेजारी ती दिसेल. चिक यांचा अकरा जणांचा बँड तिथे वाजायचा.