बेकारांची बहीण : डोरथी डे



येत्या १ मे रोजी आपण श्रमिक संत योसेफ ह्यांचा सण साजरा करणार आहोत. त्याच दिवशी महाराष्ट्र दिन आणि कामगार दिनही आहे. ज्यांच्या हाताला काम आहे त्यांना त्या दिवशी सुट्टी मिळते. ज्यांचे काम गेले आहे त्यांना मात्र रोजच सुट्टी असते आणि ती सुट्टी फार जड असते. कंपनीने कमी केलेला, कंत्राट पुढे न वाढलेला, आखातातून रिकाम्या हाताने परतलेला माणूस प्रत्येक धर्मग्रामात असतो. तो मिस्साला मागच्या बाकावर बसतो आणि शेवटच्या गीताआधीच निघून जातो. सध्या कुठे कामाला आहेस, हा प्रश्न त्याला टाळायचा असतो. त्याची आठवण ठेवून आज मी डोरथी डे ह्यांची जीवनकथा सांगणार आहे.

डोरथी ह्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १८९७ रोजी न्यू यॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. वडील वृत्तपत्रात क्रीडा-पत्रकार होते. त्यांच्या नोकरीनिमित्त कुटुंब कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे राहायला गेले. १८ एप्रिल १९०६ रोजी खाडीपलीकडचे सान फ्रान्सिस्को शहर भूकंपाने हादरले आणि पाठोपाठ लागलेल्या आगीत बेचिराख झाले. वडिलांच्या वृत्तपत्राचा छापखाना गेला, त्याबरोबर त्यांची नोकरीही गेली. बेघर झालेले लोक खाडी ओलांडून ओकलंडला येत होते. डोरथीची आई आणि शेजारणी त्यांच्यासाठी रांधत होत्या, घरातले कपडे काढून देत होत्या. संकटात माणसे एकमेकांवर इतके प्रेम करतात, तर एरवी का करत नाहीत, हा प्रश्न आठ वर्षांच्या डोरथीच्या मनात रुतून बसला.

कामाच्या शोधात वडिलांनी कुटुंब शिकागोला हलवले. तिथे एका दारूच्या दुकानावरची लहानशी जागा भाड्याने मिळाली. आई हिकमती होती. तिने फळांच्या रिकाम्या खोक्यांची पुस्तकांची मांडणी केली, गळाच्या काठ्यांवर पडदे लावले. तरीही शाळेतून येताना डोरथी मैत्रिणींच्या देखत आपल्या घरात शिरत नसे. ती दुसऱ्याच एका चांगल्या इमारतीच्या दारातून आत जायची, म्हणजे आपण तिथेच राहतो असे त्यांना वाटावे. पुढे वडिलांना शिकागोच्याच एका वृत्तपत्रात काम मिळाले आणि घराला बरे दिवस आले. पण घरातील कर्त्याचे काम गेले की उपासमारीच्याही आधी लाज दारात येऊन उभी राहते, हे त्या मुलीला कायमचे कळून चुकले.

मोठेपणी डोरथी पत्रकार झाल्या. त्यांचे तारुण्य समाजवादी विचारांच्या मित्रमंडळीत गेले. चुका झाल्या, मन पोळले, देव हरवल्यासारखा झाला. १९२६ साली तामार ही कन्या जन्मली. त्या आनंदात कोणाचे तरी आभार मानावेत, असे त्यांना उत्कटतेने वाटू लागले. तामारला कॅथलिक स्नानसंस्कार मिळाला आणि २८ डिसेंबर १९२७ रोजी डोरथी स्वतःही कॅथलिक ख्रिस्तसभेत आल्या. ह्या निर्णयाची किंमत मोठी होती. तामारचे वडील देवाला मानणारे नव्हते, त्यामुळे दोघे विभक्त झाले. लहान मूल पदरी घेऊन डोरथी एकट्या पोटासाठी धडपडू लागल्या.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यू यॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदी सुरू झाली. हजारो बँका बुडाल्या, कारखान्यांना टाळी लागली. १९३३ पर्यंत अमेरिकेतील दर चार कामगारांपैकी जवळजवळ एक बेकार होता. अशा बेकारांची संख्या सव्वा कोटीच्या पुढे गेली होती. भाडे थकल्यामुळे लोकांचे सामान रस्त्यावर येत होते, सूप आणि पावासाठी लांबच लांब रांगा लागत होत्या. डोरथी त्या काळात कॅथलिक नियतकालिकांसाठी लेख लिहून गुजराण करत होत्या.

डिसेंबर १९३२ मध्ये बेकारांचा मोर्चा राजधानी वॉशिंग्टनला धडकला. काम द्या, बेकारी विमा द्या, म्हाताऱ्यांना निवृत्तिवेतन द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मोर्चाचे पुढारी कम्युनिस्ट होते. डोरथी वार्तांकनासाठी गेल्या आणि कडेला उभ्या राहून पाहत राहिल्या. गरिबांसाठी रस्त्यावर उतरलेल्यांत आपले कॅथलिक लोक का दिसत नाहीत, ह्या विचाराने त्या अस्वस्थ झाल्या. ८ डिसेंबरला, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशी, त्या तेथील पवित्र मरियेच्या राष्ट्रीय तीर्थमंदिरात गेल्या. मंदिराचे बांधकाम तेव्हा अपुरे होते. तळघरातील देवालयात गुडघे टेकून त्यांनी अश्रू ढाळत एकच मागणे मागितले. आपल्या अंगच्या गुणांचा गरिबांसाठी उपयोग होईल अशी वाट दिसावी.

त्या न्यू यॉर्कला घरी परतल्या तेव्हा एक अनोळखी माणूस त्यांची वाट पाहत होता. अंगात चुरगळलेला कोट, खिशांत पुस्तके आणि कागद कोंबलेले. त्याचे नाव पीटर मोरॅन. फ्रान्सच्या एका शेतकरी कुटुंबात १८७७ साली त्याचा जन्म झाला होता. पूर्वी तो एका धर्मबंधूंच्या संस्थेत शिक्षक होता. पुढे कॅनडा आणि अमेरिकेत त्याने रेल्वेमार्गावर, खाणीत, कारखान्यांत, मिळेल ते काम केले. बेकारी त्याला पुस्तकातून कळलेली नव्हती. पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ साली आणि पोप पायस अकरावे ह्यांनी १९३१ साली श्रमिकांविषयी काढलेली परिपत्रके लोकांपर्यंत पोहोचलीच नाहीत, ही त्याची खंत होती. त्याने डोरथींना तीन कामे सुचवली : एक वृत्तपत्र काढावे, गरजूंसाठी अतिथिगृहे उघडावीत आणि लोकांनी मिळून कसावी अशी शेती उभारावी.

पैसा नव्हता. डोरथींनी लेखांचे मानधन आणि मिळालेल्या किरकोळ देणग्या एकत्र केल्या, घरची बिले पुढे ढकलली आणि ५७ डॉलरमध्ये २,५०० प्रती छापून घेतल्या. १ मे १९३३ रोजी न्यू यॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये कामगारांच्या गर्दीत 'कॅथलिक वर्कर' हे वृत्तपत्र प्रथम विकले गेले. किंमत एक सेंट, म्हणजे बेकार माणसालाही परवडेल इतकी. वर्ष संपेपर्यंत खप एक लाखावर गेला. २२ वर्षांनी, १९५५ साली, पोप पायस बारावे ह्यांनी ह्याच तारखेला श्रमिक संत योसेफ ह्यांचा सण सुरू केला.

अतिथिगृहांविषयी वृत्तपत्रात लिहिले जात होते. मग वाचकच दारात येऊन उभे राहू लागले. आधी एक जागा भाड्याने घेतली, मग दुसरी. १९३६ पर्यंत अमेरिकेत अशी तीसहून अधिक घरे झाली. न्यू यॉर्कच्या मॉट स्ट्रीटवरील घरासमोर सकाळी कॉफी आणि पावासाठी शेकडो माणसे रांग लावत. तू काम का सोडलेस, तू लायक आहेस का, असे तिथे कोणी विचारत नसे. पाहुण्यांना किती दिवस राहू देता, असे एका समाजसेविकेने विचारले, तेव्हा डोरथींनी तिला समजावले की इथे आलेला माणूस घरचाच होतो आणि घरच्यांना मुदत नसते.

पैसे संपत तेव्हा कार्यकर्ते आळीपाळीने देवालयात जाऊन संत योसेफांच्या पुतळ्यासमोर बसत. संत योसेफांसमोर धरणे धरायचे, असे ते गमतीने म्हणत. बिले कशीबशी भागत.

सगळेच यशस्वी झाले असे नाही. शेतीचे प्रयोग बहुतेक फसले, कारण चर्चा करणारे पुष्कळ आणि नांगर धरणारे थोडे. डोरथींनी कोणत्याही युद्धाला पाठिंबा दिला नाही, म्हणून दुसऱ्या महायुद्धात हजारो वाचक दुरावले. महामंदीही त्यांनी संपवली नाही. अमेरिकेतील बेकारी अखेर हटली ती युद्धाच्या कारखान्यांमुळे. मग त्यांनी काय केले? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना 'व्यक्ती' ह्या शब्दाची व्याख्या आम्ही पाठ केली होती. माणूस हा मुळातच मोलाचा आहे, त्याच्या पगारामुळे तो मोलाचा ठरत नाही, हा त्या व्याख्येचा अर्थ. आमच्यासाठी तो परीक्षेचा प्रश्न होता. डोरथींनी तो रोज सकाळी रांगेतल्या माणसाच्या हातात कॉफीचा पेला देऊन सोडवला. त्यामुळे काम मिळाले नाही, तरी काम मिळेपर्यंत माणूस माणूस म्हणून उभा राहिला.

१९७० साली डोरथी भारतात आल्या आणि कलकत्त्याला मदर तेरेसांना भेटल्या. २९ नोव्हेंबर १९८० रोजी न्यू यॉर्कमधील अशाच एका घरात, गरीब स्त्रियांच्या सोबतीत, त्यांचे निधन झाले. २००० साली त्यांना संतपद देण्याची प्रक्रिया सुरू झाली आणि 'देवाची सेविका' हा किताब त्यांना लाभला. ८ डिसेंबर २०२१ रोजी न्यू यॉर्क महाधर्मप्रांताने चौकशीचे आपले काम पूर्ण केले. तारीख पुन्हा तीच, निष्कलंक मातेच्या सणाची.

बंधू-भगिनींनो, आपण काय करू शकतो? कोणाच्या कंपनीत जागा रिकामी असेल तर ती बातमी समूहाच्या बैठकीत सांगा. शेजाऱ्याचे काम गेल्याचे कळले तर चौकशीपेक्षा आधी भाजीची पिशवी घेऊन जा. काम मिळाले का, असे दर रविवारी विचारू नका. घरी जेवायला बोलवा. लग्नाचे आमंत्रण देताना आहेराची काळजी करू नकोस, एवढे त्याला एकांतात सांगा.

आणि ज्यांचे काम गेले आहे, त्यांना माझे सांगणे आहे. दानपेटीत टाकायला पैसे नाहीत म्हणून मिस्सा चुकवू नका. अर्ज लिहिणे, मुलाखतीला जाणे, नकार पचवून पुन्हा निघणे, हेही श्रमच आहेत. मागच्या बाकावरून थोडे पुढे या. इथे दुसऱ्याच्या दारातून आत शिरायची गरज नाही. हे घर तुमचेच आहे. मिस्सानंतर माझ्याकडे या. आपण दोघे मिळून संत योसेफांसमोर धरणे धरू आणि मग कोणाला भेटायचे ते ठरवू.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू