प्रा. देवधरांचे घर

आमच्या खेळाच्या सरांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती सहीसाठी. खो-खोच्या स्पर्धेचा अर्ज होता. सर अर्थातच मैदानावर होते. अंगणात दोरीवर संघाच्या बारा जर्स्या वाळत होत्या. काकूंनी तर्रीपोहे दिले आणि हसत हसत सांगितले, की मैदान ही त्यांची सवतच आहे. मीही हसले, पण पोहे काही नीट खाली उतरेनात. पुढे वाचनालयात प्रा. दि. ब. देवधरांविषयी वाचायला घेतले, तेव्हा माझे लक्ष क्रिकेटपेक्षा त्यांच्या घराकडेच अधिक होते.

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा, पुण्याचा. पेशाने ते संस्कृतचे प्राध्यापक, पुण्याच्या स. प. महाविद्यालयात. क्रिकेटवर संसार चालवावा असा तो काळच नव्हता. १९२६ च्या हिवाळ्यात एम. सी. सी. चा संघ मुंबईत खेळला. आपल्या नागपूरच्या सी. के. नायडूंनी हिंदू संघाकडून १५३ धावा झोडपल्या हे आपण अभिमानाने सांगतो; पण काही दिवसांतच अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी १४८ धावा काढल्या, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. १९३२ मध्ये भारताचा पहिला कसोटी संघ इंग्लंडला गेला, आणि कसोटीत नेतृत्व सी. के. यांनी केले. देवधर तेव्हा चाळिशीचे. वय आडवे आले आणि ते मागे राहिले. कसोटीची टोपी त्यांना कधीच मिळाली नाही.

दुसरा कुणी बॅट माळ्यावर टाकून देता. देवधरांनी महाराष्ट्राचा संघ उभा केला आणि १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक आणला. विजय हजाऱ्यांचे नाबाद त्रिशतक त्यांच्याच कर्णधारपदाखालचे. स्वतः त्यांनी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या आणि बावन्नाव्या वर्षी, १९४४ मध्ये, नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके!

मला मात्र मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या तिन्ही मुली बॅडमिंटन खेळल्या आणि १९४० च्या दशकात राष्ट्रीय विजेत्या झाल्या. मुलीने रॅकेट घेऊन घराबाहेर पडणे तेव्हा चेष्टेचा विषय होता. या बापाने मैदान घरापासून तोडले नाही. अर्थात घरात एक खेळाडू असला तरी जेवणाच्या वेळा मोडतात. इथे तर चौघे. त्यांची ताटे मांडणाऱ्या, वाट पाहणाऱ्या घरच्या बाईसाठी धावफलकावर रकाना नसतो. काकूंचे पोहे खाल्ल्यापासून मला तो रकाना दिसू लागला आहे.

देवधरांना १९९१ मध्ये पद्मभूषण मिळाले. वयाचेही शतक पुरे करून ते २४ ऑगस्ट १९९३ रोजी वारले.

माझ्या अर्जावर बाबांचीही सही हवी होती. बाबा ऑटो चालवतात. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली, मग खेळ कशाला, हा त्यांचा प्रश्न. मी देवधरांच्या मुलींची हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकले, तिघींची लग्ने झाली का एवढे विचारले आणि अर्ज घड्याळामागे खोचून ठेवला. चौथ्या दिवशी त्यावर सही होती.

जर्सी मी घरीच धुते. बाकीच्या अकरा जणींनाही तसे सांगितले आहे. सहा जणी ऐकतात.