झाडावरच्या पाण्यातला हिवताप

पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकांत ब्रोमेलियाड आता सहज मिळतात. अननसाच्या कुळातली ही झाडे, जवळजवळ सगळी मूळची अमेरिका खंडातली. पाने एकात एक गुंफलेली आणि बऱ्याच जातींत मधोमध पेला तयार झालेला. या पेल्यात पावसाचे पाणी साठते आणि झाड तेच पाणी पानांतून शोषून घेते. रानात ती मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतात, आपल्या सह्याद्रीतल्या आमरीसारखी. बांडगूळ मात्र नव्हे. आधाराच्या झाडाचा रस ती घेत नाहीत. या पेल्यातल्या पाण्याचा हिवतापाशी संबंध जोडला तो ब्राझीलच्या डॉ. अडोल्फो लुत्झ यांनी.

लुत्झ यांचा जन्म १८ डिसेंबर १८५५ रोजी रिओ दि जानेरोत झाला. आई-वडील स्वित्झर्लंडचे. वैद्यकीय शिक्षण बर्न येथे झाले आणि १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते ब्राझीलला परतून लिमेरा या छोट्या गावात रुग्ण तपासू लागले. गावातल्या दवाखान्यात बसूनही जंतू आणि कृमी यांचा अभ्यास त्यांनी सोडला नाही. कुष्ठरोगाने त्यांना विशेष पछाडले होते. त्यासाठी ते हॅम्बुर्गला गेले आणि पुढे १८८९ मध्ये हवाई बेटांवर. कुष्ठरुग्णांची सेवा करताना स्वतः त्या रोगाला बळी पडलेले फादर डेमियन त्याच वर्षी तिथे वारले होते. रुग्णसेवेसाठी आलेल्या एमी फाउलर या इंग्रज परिचारिकेशी लुत्झ यांचा विवाह तिथेच झाला.

१८९३ मध्ये साओ पावलोच्या नव्या जंतुशास्त्र संस्थेची धुरा त्यांच्याकडे आली. पटकी, विषमज्वर, प्लेग, पीतज्वर असे एकामागून एक रोग दारात उभे होते. शहरात पसरलेला एक ताप म्हणजे विषमज्वरच आहे, असे त्यांनी सांगितले तेव्हा स्थानिक डॉक्टर मंडळी चिडली. वर्तमानपत्रांत टीका झाली. प्रयोगशाळेत बसणाऱ्याने आपले निदान खोटे ठरवावे, हे कोणत्याही काळातल्या डॉक्टरला रुचत नाही.

त्याच दशकाच्या अखेरीस सांतोस बंदर आणि साओ पावलो यांच्यामधल्या घाटात रेल्वेचा दुसरा मार्ग बांधला जात होता. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर चढणारा तो उभा, दाट जंगलाचा घाट. तिथे कामगार एकामागून एक हिवतापाने आडवे होऊ लागले. हिवताप म्हणजे दलदल, असे तेव्हाचे समीकरण होते. रोगाचे नावच मुळी दूषित हवेवरून पडलेले. पण या उतारावर पाणी थांबायलाच जागा नव्हती. ना डबके, ना तळे. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी पाहिले होते आणि इटलीतल्या संशोधकांनी तो डास ॲनॉफिलिस असल्याचे दाखवले होते. मग दलदलीवाचून इथे ॲनॉफिलिस वाढतो कुठे?

घाटात चावणारा एक लहान, ठिपकेदार पंखांचा डास लुत्झ यांनी पकडला. त्याच्या अळ्या जमिनीवर सापडेनात. शेवटी त्यांनी वर पाहिले. झाडांच्या फांद्या ब्रोमेलियाडांनी लगडलेल्या होत्या आणि प्रत्येकाच्या पानांच्या बेचक्यात पाणी होते. एकेकात वाटीभर, पण सगळ्या रानाचे मिळून एक तळेच झाडांवर टांगलेले. त्या पाण्यात डासांच्या अळ्या मिळाल्या. आज हा डास ॲनॉफिलिस क्रुझी या नावाने ओळखला जातो.

लुत्झ यांनी हे १९०३ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केले. फारसे कुणी मानले नाही. दलदल बुजवली की हिवताप जातो, हे सूत्र नुकते कुठे हाती आले होते आणि त्याला अपवाद कुणाला नको होता. लुत्झ मात्र थांबले नाहीत. त्याच सुमारास पीतज्वर डासामुळे होतो, हे पटवण्यासाठी एमिलिओ रिबास आणि लुत्झ यांनी रुग्णांना चावलेले डास स्वतःच्या अंगावर सोडून घेतले. लुत्झ यातून सुखरूप वाचले. आजच्या कोणत्याही नीतिसमितीने याला परवानगी दिली नसती, आणि ते योग्यच आहे.

१९०८ मध्ये ते रिओच्या ओस्वाल्दो क्रूझ संस्थेत गेले आणि मरेपर्यंत, म्हणजे ६ ऑक्टोबर १९४० पर्यंत, तिथेच रमले. डास, माश्या, कृमी, बेडूक, काहीच त्यांना परके नव्हते. त्यांची मुलगी बर्था ही स्वतः प्राणिशास्त्रज्ञ. ब्राझीलच्या स्त्रियांच्या मताधिकारासाठी ती लढली आणि १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर तिची सही आहे.

ज्या डोळ्यांना झाडावरचा डास दिसला, ते कुष्ठरोगाच्या बाबतीत मात्र फसले. कुष्ठरोगही डासच पसरवतात, अशी लुत्झ यांची ठाम समजूत होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. पुरावा मिळाला नाही, कारण ते खरे नव्हते.

ब्रोमेलियाडांबाबत मात्र ते बरोबर होते. हे सर्वमान्य झाले ते त्यांच्या मृत्यूनंतर. १९४० च्या दशकात दक्षिण ब्राझीलमधल्या सांता कातारिना राज्यात हिवताप आटोक्यात येईना, तेव्हा शहरांभोवतीच्या झाडांवरून हाताने ब्रोमेलियाड काढण्यात आले, जंगलेही तोडली गेली. त्रिनिदादमध्ये कोकोच्या मळ्यांत सावलीसाठी लावलेली, आपल्या पांगाऱ्याच्या जातीतली मोठी झाडे ब्रोमेलियाडांनी भरलेली होती. तिथे मोरचुदाचे पाणी फवारले गेले. तांबे ब्रोमेलियाडांना सोसत नाही. ते मेले, डासांची घरे गेली.

हाच धडा घरच्या बागेत उलटा वापरावा लागतो. बुरशीसाठी आपल्याकडे सर्रास मारले जाणारे बोर्डो मिश्रण मोरचुदाचेच असते. ते ब्रोमेलियाडवर कधीही मारू नये. डास होऊ नयेत म्हणून पेल्यात रॉकेल किंवा तेल टाकणेही चुकीचे, झाड सडते.

ॲनॉफिलिस क्रुझी भारतात नाही, त्यामुळे झाड उपटून टाकण्याचे कारण नाही. पण डेंगीचा एडिस डास थोड्याशा साठलेल्या पाण्यातही अंडी घालतो आणि उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून दर चार-पाच दिवसांनी कुंडी आडवी करून जुने पाणी ओतावे किंवा नळीने जोरात धार सोडून पेला धुऊन काढावा, मग ताजे पाणी थोडेच भरावे. कुंड्या खूप असतील तर बीटीआय या जिवाणूंची भुकटी पेल्यात टाकता येते. ती डासांच्या अळ्यांना मारते, झाडाला अपाय करत नाही. कुंडीत साध्या मातीऐवजी नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा असे भुसभुशीत मिश्रण चांगले. फूल येऊन गेल्यावर मूळ झाड हळूहळू वाळते. तेव्हा घाबरू नये. बुडाशी आलेले फुटवे आईच्या निम्म्याएवढे झाले की वेगळे लावावेत. आणि पेला धुताना कुंडीखालची ताटलीही रिकामी करावी. एडिसची अंडी तिच्या कडेला चिकटून राहतात, म्हणून ती नुसती ओतू नये, घासावी.