सर चंद्रशेखर वेंकट रामन

सन १९१० मध्ये नागपूर येथे सरकारी अर्थखात्यातील एक तरुण अधिकारी बदलून आला. दिवसभर तो कचेरीत हिशेबाचे कागद तपाशी. परंतु कचेरी सुटली, की त्याचे खरे काम सुरू होई. नागपुरात त्याला मनाजोगती प्रयोगशाळा नव्हती. म्हणून राहत्या घरीच तो विज्ञानाचे प्रयोग करीत असे. हा अधिकारी म्हणजेच पुढे जगप्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन होत.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीजवळ झाला. त्यांचे वडील अध्यापक होते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून रामन १९०७ साली एम. ए. झाले. त्या काळी आपल्या देशात केवळ संशोधनावर चरितार्थ चालविणे फार कठीण होते. म्हणून त्यांनी सरकारी नोकरी पत्करली व ते कलकत्त्यास गेले. तेथे एका विज्ञानसंस्थेच्या प्रयोगशाळेत ते पहाटे व रात्री काम करू लागले. पुढे रंगून व नागपूर येथे बदल्या झाल्या, तेव्हा प्रयोगशाळा सुटली; ध्यास मात्र सुटला नाही.

१९११ साली ते कलकत्त्यास परतले. १९१७ साली तेथील विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद देऊ केले. वेतन सरकारी पगाराहून बरेच कमी होते. तरीही रामन यांनी मानाची नोकरी सोडली आणि विज्ञानाची सेवा स्वीकारली.

१९२१ साली विलायतेच्या प्रवासात भूमध्य समुद्राच्या गडद निळ्या रंगाने त्यांचे मन वेधले. समुद्रात आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून तो निळा दिसतो, असे तेव्हा मानीत. रामन यांनी पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवून पाहिला. तरी निळा रंग कायमच राहिला. तेव्हा पदार्थांत शिरलेला प्रकाश कसा विखुरतो, याचा ते कसून अभ्यास करू लागले.

प्रत्येक पदार्थ सूक्ष्म अणूंचा बनलेला असतो. अणू एकमेकांशी जोडले जाऊन रेणू तयार होतात. पाण्याच्या एका रेणूत ऑक्सिजनच्या एका अणूला हायड्रोजनचे दोन अणू जोडलेले असतात. ही जोडणी म्हणजे रासायनिक बंध. हे बंध ताठ दांड्यांसारखे नसून स्प्रिंगांसारखे असतात. त्यांना जोडलेले अणू अखंड कंप पावतात. रामन व त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी अनेक द्रवांतून एकाच रंगाचा प्रकाश सोडला. तेव्हा विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाबरोबर दुसऱ्या रंगांच्या अंधुक रेषाही दिसल्या. प्रकाश आपली थोडी ऊर्जा रेणूंच्या कंपनास देतो किंवा त्यातून घेतो. म्हणून त्याचा रंग बदलतो. प्रत्येक बंधाचे कंपन निराळे. त्यामुळे या रेषा पाहून रेणूत कोणते बंध आहेत, हे ओळखता येते. डोळ्यांना कधीही न दिसणारी अणूंची जोडणी अशा रीतीने प्रकाशाने उघड केली.

हा शोध २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लागला. त्यासाठी रामन यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९५४ साली त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगलोर येथे त्यांचे निधन झाले. १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो.

साधने थोडी असोत वा वेळ अपुरा असो, जिज्ञासा जागी असेल तर ज्ञानाचा मार्ग खुंटत नाही. नागपुरातील त्या तरुण अधिकाऱ्याने हेच आपल्या आचरणाने दाखवून दिले.